वरून भरलेलं तेल

नोकरीतून मोकळं झाल्यावर माणसं विचारतात, काय काम करत होतात? मी सांगतो, बोट सांभाळत होतो. समोरचा म्हणतो, म्हणजे कोकणात होतात तर. नाही म्हटलं, इथंच, आपल्या बीड जिल्ह्यात. मग तो हसतो. त्याचं हसणं मी मनावर घेत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात एका माणसानं बोटीच्या मशीनचं तेल बदलत नोकरीची शेवटची आठ वर्षं काढली, हे मलाही कधीकधी खरं वाटत नाही.

दिवाळी अंकासाठी गमतीचे अनुभव लिहा, असं संपादकांनी कळवलंय. गमती आहेत, सांगतोही. पण त्यांच्या आडून मला एका चुकीबद्दल लिहायचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मी तेलगावकडचा. आमच्याकडे ऊस आणि कापूस, त्यामुळे विहिरीवरच्या मोटारी, ट्रॅक्टर, मळणीयंत्रं यांच्या पोटात हात घालतच मोठा झालो. पुढे धरणावरच्या सरकारी कार्यशाळेत लागलो. दरवाजांच्या गिअरला ग्रीस द्यायचं, पंप उघडायचे, बांधायचे. मिस्त्री म्हणून नाव झालं. आणि एका पावसाळ्यानंतर वरून हुकूम आला की पुरात अडकलेल्यांना काढायला तुमच्याकडे बोट येत आहे, तिची देखभाल तुम्ही करायची. आमच्यापैकी निम्म्यांना पोहतासुद्धा येत नव्हतं.

बोट ट्रेलरवर बसून आली. मी आधी मागून वाकून बघितलं तर पंखाच नाही. वाटलं, वाटेत कुठंतरी पडला. बरोबर शिकवायला आलेला कंपनीचा माणूस म्हणाला, ही जेटची बोट आहे. हिचा पंखा आत असतो. ही पोटाखालून पाणी ओढते आणि मागच्या तोंडातून जोरात फेकते, त्या धक्क्यानं पुढे जाते. मी म्हटलं, म्हणजे आपला पंपच की हा, फक्त विहिरीत न बसवता बोटीत बसवलाय. त्याला ते फारसं आवडलं नाही, पण खोटंही म्हणता येईना. तेव्हापासून मला त्या बोटीची भीती वाटली नाही. पुराचं पाणी आमच्याकडे शेतातून जातं. त्यात बुडालेली कापसाची पऱ्हाटी असते, काटेरी तारा असतात, बाभळीचे बुंधे असतात. बाहेर पंखा असता तर पहिल्याच फेरीत मोडला असता. ही बाई मात्र गुडघाभर पाण्यातूनही निघून जायची.

आता तेलाचं. इंजिनाची ताकद ज्या दांड्यावरून आणि दातऱ्यांवरून, म्हणजे दातेरी चाकांवरून, आतल्या पंख्याला मिळते, ते सगळं एका बंद डब्यात असतं. त्या डब्यात जाड तेल भरलेलं असतं. ठरावीक तास बोट चालली की ते बदलायचं. डब्याला दोन भोकं, एक तळाला आणि एक वर, दोन्हीला आट्यांची बुचं. दोन्ही बुचं काढली की जुनं तेल तळातून उतरतं. इथपर्यंत मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण नवं तेल तळाच्या भोकातून भरायचं, असं तो माणूस म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. घागर कुणी बुडातून भरतं का? तो शांत होता. त्यानं माझ्याच टेबलावरची अरुंद तोंडाची बाटली घेतली आणि तिच्यात वरून जाड तेल ओतलं. तेल तोंडाशी येऊन थांबलं, खाली अर्धी बाटली रिकामीच. आतली हवा बाहेर येऊ शकत नाही, म्हणून तेल आत जाऊ शकत नाही. तळातून तेलाच्या छोट्या हातपंपानं तेल चढवलं की ते हवेला वर ढकलत नेतं. वरच्या भोकातून आधी हवा येते, मग बुडबुड्यांचं तेल, मग स्वच्छ धार. तेव्हा आधी वरचं बूच लावायचं, मग पंपाची नळी काढून झटकन खालचं. वरचं बंद असलं की खालून फारसं सांडत नाही. उसाच्या रसाच्या नळीच्या वरच्या टोकाला अंगठा लावला की रस नळीत राहतो, तसंच. मी ते शिकलो आणि पुढे सात वर्षं तसंच केलं.

तेल बदलण्यापेक्षा निघालेलं तेल वाचणं जास्त महत्त्वाचं, हे मात्र मी माझंच शिकलो. काळं पण वास साधा असेल तर ठीक. जळका वास आला तर आत काहीतरी घासतंय. तळाच्या बुचाला लोहचुंबक असतं, त्यावर बारीक चूर दिसला तर झोप उडालीच पाहिजे. आणि तेल ताकासारखं पांढरट निघालं तर आत पाणी गेलंय. असं एकदा झालं. सगळं उघडलं तर दांड्याभोवती ठिबकची काळी नळी गुंडाळलेली, तिनं रबरी सील कापलं होतं. कुणाच्या तरी उसातली नळी पुरात वाहत येऊन आमच्या बोटीनं गिळली. कंपनीच्या माणसाला फोनवर सांगितलं तर त्याला ठिबक म्हणजे काय हे सांगण्यातच दहा मिनिटं गेली.

ती बोट चालवायचा लिंबाजी. गोदाकाठचा, भोयाचा, कंत्राटावर लागलेला. पाणी त्याच्या अंगात होतं. कुठं खोल, कुठं भोवरा, हे तो पाण्याच्या रंगावरून सांगायचा. शिवाय कान भलता तिखट. सुरुवातीला दर दोन दिवसांनी माझ्याकडे यायचा, मिस्त्री, आवाज बदललाय. मी तपासायचो, काही नसायचं. चौथ्या का पाचव्या वेळेला मी चिडलो आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "तेलाचं मी बघतो बे, तू पाणी बघ." तो हसला आणि गेला. त्यानंतर आवाजाची तक्रार घेऊन तो कधी आला नाही. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

आणखी एक गिऱ्हाईक आठवतं. एक पुढारी पाहुण्यांना घेऊन धरणावर आले, सगळे परीटघडीचे. त्यांना जलाशयातून चक्कर मारायची होती, फोटो काढायचे होते. मी नेमकं जुनं तेल काढून बसलो होतो. म्हटलं, आज जमणार नाही. त्यांचे कार्यकर्ते म्हणाले, पाच मिनिटांची तर चक्कर, तेलाशिवाय काय होतंय. मी पान्हा खिशात घातला आणि सांगितलं, "तेल नसल्यावर कलेक्टर आले तरी हे मशीन चालू व्हायचं न्हाई." पुढारी जाणते होते, हसून चहा पिऊन गेले. ही गोष्ट मी पुढे कितीजणांना सांगितली असेल, मोजदाद नाही. सांगताना माझी मान जरा ताठ व्हायची.

आता ती खंडेनवमी.

आमच्या कार्यशाळेत खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी दुपारी पान्हे, हातोडे, पंप धुऊन पुसून घोंगडीवर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडू घालायचा. एकदा मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. हत्यारांना वर्षातून तेवढाच आराम. मांडणी करायचा कुंडलिक, आमचा भांडारपाल, माझ्याहून वयानं लहान, पण या बाबतीत कडक. दुसरा नेम असा की कोणतंही यंत्र रिकाम्या पोटी पूजेला बसवायचं नाही. तेल, ग्रीस, पाणी सगळं भरलेलं पाहिजे.

त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मांडणी झाली आणि फोन आला की गोदेला वरून पाणी सोडणार आहेत, बोट तयार ठेवा. तासांचा काटा बघितला तर तेल बदलायची वेळ होऊन गेलेली. मी जुनं तेल उतरवलं. चांगलं निघालं, दोन बाटल्या. नवं भरायला हातपंप घ्यायला गेलो तर तो घोंगडीवर, कुंकू लावून, झेंडूच्या माळेत. कुंडलिकनं माझ्याकडे बघितलं. मी हात मागे घेतला.

तेव्हा माझ्या मनात काय होतं ते स्पष्ट आठवतं. एवढे ट्रॅक्टर वरून भरले या हातांनी, हळूहळू ओतलं तर हवा निघून जाईल. कुंडलिकला म्हटलं, वाकडं नरसाळं आण, वरच्या भोकातून ओत. मी बोटीच्या मागे वाकून भोकाकडे बघत होतो, तो ओतत होता. थोड्या वेळानं तेल भोकाच्या तोंडाशी आलं. थांबलो, चहा घेतला, परत बघितलं, तेल जागच्या जागी. मी बूच लावलं आणि वर कुंकवाचा टिळा लावला. उरलेलं तेल कुंडलिक भांडारात घेऊन गेला. किती उरलं, ते मी विचारलं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी लिंबाजी आणि दोघं जण बोट घेऊन गेले. तलवाड्याच्या पलीकडं गोदाकाठी एका उंचवट्यावर शिरूर कासारकडच्या धनगरांचं बिऱ्हाड अडकलं होतं. बायका, पोरं, तिघं पुरुष आणि मेंढरं. दोन्ही बाजूंनी नदी. मी पूजेसाठी मागे राहिलो. नारळ ठेवायला भांडारात गेलो आणि फळीवर नजर गेली. जुन्या काळ्या तेलाच्या दोन बाटल्या. त्यांच्या शेजारी नव्या, मधासारख्या तेलाची एक बाटली, गच्च भरलेली.

कुंडलिक म्हणाला, काल दोन काढल्या होत्या, एकच लागली. जेवढं निघालं तेवढं आत गेलं पाहिजे, हे समजायला मिस्त्री असावं लागत नाही. लिंबाजीला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पाण्यात असताना तो फोन पिशवीत गुंडाळून ठेवतो, हे मला माहीत होतं. मी घोंगडीपाशी गेलो आणि हातपंप उचलला. माळ तुटली.

"मिस्त्री, मांडलेली पूजा हाय," कुंडलिक म्हणाला.

मी म्हटलं, "काल उचलायला पायजे हुता, कुंडलिकभाऊ." त्यानं मग बाटली स्वतःच आणून माझ्या पिशवीत ठेवली.

मोटारसायकलवर तास लागला. एवढा लांब रस्ता मी आयुष्यात केला नाही. दात घासून दातरे अडकले तर जेट बंद, आणि जेट बंद झाला की या बोटीला वळणंसुद्धा नाही, कारण ती वळते तीच त्या फेकलेल्या पाण्यानं. भर धारेत ती नुसती लाकडाचा ओंडका. हे सगळं मला दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त कळत होतं आणि त्या दिवशी ते कळणं नको वाटत होतं.

काठावर पोचलो तेव्हा बोट पहिली फेरी घेऊन परत येत होती. आधी आवाजच आला. जात्यात खडा सापडावा तशी करकर, इंजिनाच्या आवाजाखाली. चार बायका, तीन पोरं, एकीच्या पदरात कोकरू. बोट काठाला लागली, माणसं उतरली आणि मी दोर धरला. लिंबाजी परत निघायच्या बेतात होता. तहसिलातले साहेब छत्रीखालून घाई करत होते. मी म्हटलं, बोट आत्ता जाणार नाही.

"कावून?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"तेल कमी हाय. म्या कमी भरलंय."

कुंडलिकनं ओतलं असं सांगता आलं असतं, तेल तपासायला वेळ मिळाला नाही असंही. ते तोंडाशी आलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. साहेब काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. ऐकू आली ती उतरलेल्या बायकांतली वयस्क बाई. तिचा नवरा आणि दोन मोठे मुलगे अजून पलीकडं होते, काठावरून दिसत होते. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "माजी मानसं तिकडं हायत बाबा, आन् तू हितं तेल घालीत बसतुस?"

मी लोकांना बोट ओढायला सांगितली. वीस-पंचवीस जणांनी ती चिखलावरून मागचा भाग उघडा पडेपर्यंत ओढली. तळाचं बूच काढलं तर जे थोडं तेल हातावर आलं ते चटका बसण्याइतकं गरम होतं, वास जळका, आणि बुचाच्या चुंबकावर चकाकता चूर. पंपाची नळी बसवली, वरचं बूच सैल केलं, दांडा दाबायला लागलो. वरच्या भोकातून फुसफुसत हवा येत राहिली. ती मीच कोंडून ठेवलेली हवा. मग बुडबुडे, मग धार. वरचं बूच, मग खालचं. माझ्या हाताला पंपावरचं कुंकू लागलं होतं, तेलात मिसळून ते मनगटापर्यंत ओघळलं.

मी म्हटलं, मीही येतो. लिंबाजी म्हणाला, "तुमी बसलात तर एका मानसाची जागा जाईल." त्याचं बरोबर होतं. मी काठावर उभा राहिलो. मला फार भीती वाटली, आणि ती लपवायलाही जमलं नाही. ती बाई माझ्याशेजारीच उभी होती. आम्ही दोघं एकाच बोटीकडे बघत होतो. करकर गेली नव्हती, पण कमी झाली होती.

बोट आली. म्हातारा धनगर आणि त्याचे दोन्ही मुलगे आले, मांडीवर चार कोकरं. म्हाताऱ्यानं उतरल्या उतरल्या मागे वळून मेंढरांकडे बघितलं. आणखी एक फेरी मारून निदान काही मेंढरं आणावीत असं ठरत होतं, तेवढ्यात धार वाढली आणि साहेबांनी बोट थांबवली. मी घेतलेला वेळ नसता तर ती फेरी झाली असती. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर बरीच मेंढरं जिवंत सापडली. सगळी नाही. म्हातारा मला एका शब्दानं बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

गर्दी पांगल्यावर लिंबाजी बोट धूत होता. मी त्याला विचारलं, पहिल्या फेरीत आवाज ऐकला नाहीस का?

"आयकला की. काठ सोडला तवाच."

मग परत का नाही फिरलास, मी विचारलं. त्यानं बादली खाली ठेवली. रागानं म्हणाला असता तर मी सोसलं असतं. तो अगदी साधेपणानं बोलला.

"तुमी भरल्यालं तेल. म्या माज्या कानालाच खोटं ठरिवलं, मिस्त्री. तुमीच म्हणला हुता न्हवं, तू पाणी बघ."

मी लेखी खुलासा दिला, त्यात घडलं तसं सगळं लिहिलं. दातरे बदलावे लागले. कुंडलिक पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलताना खाली बघायचा. त्याला मी सांगितलं की नेम तुझा होता, पण हात मी मागे घेतला. नेमावर माझा राग नाही. हत्यारांना आराम मिळावा असं मलाही वाटतं. पण एखादं हत्यार रिकामं बसू शकत नसेल तर त्याला मांडणीतून सोडून द्यावं, एवढं मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. पुढारी दारात उभे असताना सुचलं होतं, देवापुढे सुचलं नाही.

त्यानंतरच्या माझ्या उरलेल्या काळात मी तेल भरलं की लिंबाजीला हाक मारायचो. वरच्या भोकातून स्वच्छ धार आली की त्यानं तिच्याखाली अंगठा धरायचा, तेल चोळून बघायचं आणि मग मी बूच लावायचं. बोट चालू केली की आधी त्यानं ऐकायचं, मग मी. पहिल्यांदा तो लाजला. मग दोनदा त्यानं मला बूच परत उघडायला लावलं. एकदा त्याचंच खरं निघालं.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. माझ्या जागी नवा मिस्त्री आलाय, शिकलेला आहे, हुशार आहे. लिंबाजीनं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, तेल बदललं आज. विचारायचा हक्क आता माझा नाही.

त्यानंच सांगितलं. "खालूनच भरलं. म्या अंगठा लावून बघितला, चालू करून आयकलंबी."

मी म्हटलं, "आन् पंप?"

"पंप पूजेत न्हाई मांडला. कुंडलिकभाऊंनीच बाजूला काढून ठिवलाय," तो म्हणाला. "कुंकू तेवढं लावलंय."